इंदूरच्या कोर्टात ज्युनियरशिप: पहिली दोन वर्षं कशी काढायची

लॉ झालं, लिटिगेशनच करायचं ठरवलं आणि इंदूरमध्ये एखाद्या ऑफिसला किंवा फर्मला लागताय, तर आधी हे ऐकून घ्या की पहिली दोन वर्षं तुम्हाला कोणी आर्ग्युमेंटला उभं करणार नाहीये, आणि तुमचं इंग्रजी किती फाडफाड आहे, मूट कोर्टात किती ट्रॉफ्या आणल्या याच्याशी तिथे कोणाला काही घेणंदेणं नसतं. सिनियर एकच बघतो, याच्या हातात फाइल दिली तर मला परत तपासावी लागेल का. ज्या दिवसापासून तपासावी लागत नाही त्या दिवसापासून काम आपोआप मोठं होत जातं. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं फाइल आणि तारखा यांच्याबद्दलच आहे.

एनरोलमेंटचं पटकन उरकतो. आपली स्टेट बार कौन्सिल जबलपूरला. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ मध्ये जेवढी फी लिहिली आहे तेवढीच घेता येईल, म्हणजे जनरलला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५. मग एआयबीई (ऑल इंडिया बार एक्झाम), एनरोलमेंटपासून दोन वर्षांत पास व्हायची. बेअर अ‍ॅक्ट नेता येतो पण त्यावर नोट्स नकोत. ऑफिसचं काम सुरू झालं की अभ्यासाला वेळ मिळत नाही, त्यामुळे पहिल्या अटेम्प्टलाच संपवून टाका.

पैशाचं मात्र पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा. आपल्याकडे घरातूनच शिकवलेलं असतं की काम शिकायला मिळतंय तर पैशाचं तोंडातून काढायचं नाही, आणि मग पोरं सहा महिने पेट्रोल वडिलांच्या पैशानं टाकतात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्क्युलर काढलं होतं की ज्युनियरला शहरात महिन्याला निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि इंदूरच्या बऱ्याच ऑफिसांत आकडा त्याच्या खालीच असतो. तरी विचारायला त्याचा आधार होतो. विचारायच्या गोष्टी म्हणजे महिन्याला किती, फायलिंगचा आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, रविवारी ऑफिस असतं का, आणि स्वतःची एखादी केस आली तर घेता येईल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी विचारत नाही. फर्म असेल तर पैसे पगार म्हणून नाही, प्रोफेशनल फी म्हणून येतात, टीडीएस कापून, तेव्हा रिटर्न भरायला विसरू नका, तो पैसा तुमचाच आहे.

ऑफिस निवडायला मिळत असेल (सगळ्यांना मिळत नाही, मला माहितीय) तर जिथे जिल्हा कोर्ट आणि हायकोर्ट दोन्हीचं काम आहे ते घ्या. नुसत्या हायकोर्टाच्या ऑफिसात कोट छान दिसतो, रिट ड्राफ्ट करायला येते, पण साक्षीदार समोर उभा असताना काय होतं ते कळतच नाही. मोठ्या फर्मला लागलात आणि दिवसभर रिसर्चच करायला लावलं तर निदान एक ट्रायल कोर्टाची केस मागून घ्या, छोटी चालेल, भाडेकरूची चालेल, पण दावा दाखल होण्यापासून निकालापर्यंत तुमच्या नजरेखालून गेली पाहिजे. ज्यांना पुढे सिव्हिल जजची परीक्षा द्यायचीय त्यांच्यासाठी तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात तीन वर्षं प्रॅक्टिस मागितली आहे, प्रोव्हिजनल एनरोलमेंटपासून मोजून, आणि सर्टिफिकेट दहा वर्षं जुन्या वकिलाकडून. वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) तुमचं नाव पहिल्या दिवसापासून असू द्या.

आता रोजचं काम. हायकोर्टाची कॉज लिस्ट (दिवसाच्या केसेसची यादी) आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर बघायची, कुठली केस कुठल्या बेंचपुढे, कितवा नंबर, मोशन हिअरिंगला (सुरुवातीच्या सुनावणीला) आहे की फायनलला. नुसतं सिनियरच्या नावानं सर्च करून थांबू नका, नावाच्या स्पेलिंगमध्ये गडबड असते, केस नंबरनंपण बघा. जिल्हा कोर्टाच्या केसेस ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये सीएनआर नंबरनं (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) सेव्ह करून ठेवा, पण अ‍ॅपवर आंधळा विश्वास नको, तारीख शेवटी आदेश पत्रिकेत (केसच्या प्रत्येक तारखेच्या आदेशांची नोंद) जी लिहिली आहे ती, आणि ती स्वतः रीडरकडे (जजसमोर बसणारा कोर्टाचा कर्मचारी) जाऊन वाचायची.

डायरीत लिहिताना बहुतेक ज्युनियर नुसतं '१४ तारीख, साक्ष्य' लिहून मोकळे होतात. ते काही कामाचं नाही. कोणाची साक्ष, शपथपत्र दिलंय का, त्याची कॉपी समोरच्याला पोचली का, आपल्याला त्याआधी काय करायचंय, हे सगळं त्याच ओळीत. म्हणजे असं (वा.सा.-२ म्हणजे वादीचा दुसरा साक्षीदार, प्रतिपरीक्षण म्हणजे उलटतपासणी): '१४ ला वा.सा.-२ चं प्रतिपरीक्षण, मूळ भाडेचिठ्ठी क्लायंटकडून १० पर्यंत आणायची.' आणि मग १० तारखेच्या पानावर वेगळं लिहायचं, क्लायंटला फोन. डायरी कागदाचीच ठेवा, फोनमध्ये दुसरी कॉपी ठेवा, पण कोर्टात उभं राहून तारीख लिहायला कागदच लागतो.

फाइल वाचायची कशी हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. आपण दावा वाचतो, जवाबदावा (दाव्याला समोरच्याचं लेखी उत्तर) वाचतो आणि समजतो की केस कळली. आधी आदेश पत्रिका वाचा, पहिल्या दिवसापासून, सगळी, कंटाळा आला तरी. कोणी किती वेळा वेळ मागितला, कुठला अर्ज निकाली निघाला आणि कुठला तसाच लटकलाय, हे सगळं तिथेच सापडतं, आणि अर्ध्या केसेसमध्ये सिनियरलापण त्यातलं काही आठवत नसतं. मग एक कागद घ्या, तारखांची यादी करा: करार कधी झाला, पैसे कधी दिले, नोटीस कधी, दावा कधी, आणि प्रत्येक तारखेसमोर पान नंबर. त्यानंतर दावा आणि जवाबदावा समोरासमोर ठेवून बघायचं की कुठला पॅरा नाकारलाय आणि कुठला नुसता गोल गोल उत्तर देऊन सोडलाय, कारण जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरायची सोय सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर ८ मध्ये आहे. कागदांवर प्रदर्श पी-१, डी-१ (पुराव्यात आल्याचे नंबर, पी वादीचे, डी प्रतिवादीचे) पडलेत का तेही तपासा. महत्त्वाचा कागद फाइलमध्ये आहे पण प्रदर्शच झाला नाही आणि हे फायनल आर्ग्युमेंटच्या दिवशी कळतं, असं तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आता मुद्दत, म्हणजे लिमिटेशन. यावर मी जरा लांब लिहिणार आहे कारण ज्युनियरची किंमत इथेच ठरते.

चेक बाउन्सचंच घ्या, इंदूरमध्ये व्यापाऱ्यांचं शहर असल्यामुळे हे काम भरपूर येतं. समजा बँकेकडून रिटर्न मेमो (चेक वटला नाही अशी चिठ्ठी) ३ मार्चला मिळाला. नोटीस ३० दिवसांत जायला पाहिजे, म्हणजे २ एप्रिलपर्यंत. तुम्ही १० ला पाठवली आणि समोरच्याला १४ मार्चला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते २९ ला संपले. ३० मार्चला तुमचं वादकारण तयार झालं आणि तिथून एक महिना, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत परिवाद (कोर्टातली फौजदारी तक्रार) दाखल व्हायला पाहिजे. आता यात दोन खड्डे आहेत. एक, उत्साहात २८ मार्चलाच परिवाद लावलात तर तो चालत नाही, १५ दिवस संपायच्या आधीचा परिवाद टिकत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलंय. दोन, महिना उलटून गेला तर उशीर माफ करायचा अर्ज देता येतो, पण नोटिशीचे ३० दिवस गेले तर त्याला माफीच नाही. म्हणून क्लायंट चेक घेऊन आला की चहा नंतर, आधी मेमोवरची तारीख आणि तो त्याला मिळाला कधी ते विचारायचं. पोस्टाची ट्रॅकिंग स्लिप त्याच दिवशी प्रिंट करून फाइलला लावायची, नंतर ती वेबसाइटवर सापडत नाही.

जवाबदाव्याचं सगळ्यांना माहीत असतं, ३० दिवस आणि कोर्टानं वाढवून दिले तर ९०. साध्या दाव्यात ९० नंतरही कोर्टाला पटवता येतं, पण कमर्शियल दाव्यात १२० म्हणजे १२०, त्यानंतर दारच बंद. समन्स आलं की आधी बघा दावा कमर्शियल आहे का, ३ लाखांच्या वरचा व्यापारी व्यवहार असेल तर असू शकतो.

आणि भाडेकरूच्या केसेस. राजवाडा, सराफा, क्लॉथ मार्केट, जुन्या इंदूरमध्ये दुकानांचे किती दावे चालू असतील याची गणती नाही, आणि ते मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाखाली चालतात, महाराष्ट्राच्या भाडे कायद्यावरचं पुस्तक इथे उघडू नका. त्यात कलम १३ आहे, भाडेकरूनं समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात थकबाकी भरायची आणि पुढे दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. नाही भरलं तर कोर्ट त्याचा बचावच काढून टाकू शकतं. तुम्ही भाडेकरूकडून असाल तर दर महिन्याच्या १० ला क्लायंटला फोन करणं हे तुमचं काम, मुंशीजींचं (ऑफिसच्या कारकुनाचं) नाही. मालकाकडून असाल तर १६ ला जाऊन बघायचं की भरलं का. अशा एका फोनवर किंवा चकरेवर आख्खी केस पलटते.

स्टे मिळाला की सगळे पेढे वाटायच्या मूडमध्ये येतात. समोरच्याला न ऐकता एकतर्फी स्टे मिळाला असेल तर ऑर्डर ३९ रूल ३ प्रमाणे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज, दावा, शपथपत्र आणि कागदांच्या कॉप्या समोरच्याला पाठवून तसं शपथपत्र कोर्टात द्यायचं असतं. हे राहिलं तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच पकडतो. हायकोर्टातही तसंच, नोटीस झाली की बऱ्याच ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं की सात वर्किंग डेजमध्ये पी.एफ. (प्रोसेस फी, नोटीस बजावायचा खर्च) भरा, नाहीतर बेंचपुढे न येताच केस खारिज. प्रोसेस फी दोन पैशांची आणि केस जाते लाखांची. ऑर्डर अपलोड झाली की शेवटचा पॅरा वाचल्याशिवाय झोपायचं नाही.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी नकलेचा (निकालाच्या प्रमाणित प्रतीचा) अर्ज. जिल्हा न्यायाधीशाकडे पहिल्या अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९०, आणि नक्कल मिळायला जेवढे दिवस गेले ते मोजणीतून वजा होतात. पण वजा करायला अर्ज दिल्याची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेच्या मागच्या शिक्क्यात असते, ती बघून लिहून ठेवायची.

ड्राफ्टिंगबद्दल. जिल्हा कोर्टात हिंदी, हायकोर्टात इंग्रजी, आणि घरी मराठी बोलणाऱ्या पोरांची गंमत अशी की हिंदी बोलताना काही अडत नाही पण 'व्यवहार वाद' (दिवाणी दावा) आणि 'प्रतिदावा' (काउंटर-क्लेम) लिहायची वेळ आली की हात थांबतो. हिंदी टायपिंग शिकून घ्या, कृतिदेवपण आणि युनिकोडपण, टायपिस्टवर अवलंबून राहिलात तर संध्याकाळचं ड्राफ्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल. ऑफिसच्या जुन्या ड्राफ्टवरून काम करायला काही लाज नाही, सगळे तसंच करतात, फक्त जुन्या क्लायंटचं नाव, जुना थाना आणि जुनी प्रार्थना तशीच राहते ती राहू देऊ नका.

फौजदारी कामात तर आता डोळे उघडे ठेवून कॉपी करायला लागते. १ जुलै २०२४ पासून नवीन तीन कायदे लागू झाले, आयपीसीच्या जागी बीएनएस, सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस आणि साक्ष्य अधिनियमाच्या जागी बीएसए. घटना त्याआधीची असेल तर गुन्हा आयपीसीचाच राहतो. जामीन आधी ४३९ होता तो बीएनएसएसमध्ये ४८३ झाला, अग्रिम जामीन ४३८ चा ४८२ झाला, आणि इथेच घोळ होतो कारण जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाची अंगभूत शक्ती, एफआयआर रद्द करायला जातो ते, जे आता ५२८ आहे. ऑफिसात कोणी ओरडून सांगितलं 'फोर एटी टू लावायचंय', तर विचारून घ्या जुनं की नवीन, हसले तर हसू द्या. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्डिंग लावताना साक्ष्य अधिनियमाचं ६५बी चं जुनं सर्टिफिकेट नव्या केसेसमध्ये आता चालणार नाही, नवीन कायद्यात कलम ६३ खाली दोन भागांचा फॉर्म आहे, भाग क ज्याच्या ताब्यात उपकरण होतं त्याचा आणि भाग ख एक्स्पर्टचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यूपण (फाइलचा डिजिटल ठसा) लिहायची असते. क्लायंटचा फोन बदलायच्या आधी हे करून घ्या. पोरं नवीन आयफोन घेतात आणि जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतात, मग बसा.

आणखी एक, कोणी वाचत नाही म्हणून सांगतो, मध्य प्रदेश हायकोर्ट रूल्स २००८ आणि सिव्हिल कोर्ट रूल्स १९६१ एकदा चाळा. रजिस्ट्रीनं काढलेल्या डिफॉल्टची (फायलिंगमधल्या त्रुटींची) उत्तरं बहुतेक वेळा तिथेच असतात, आणि ज्या ज्युनियरला डिफॉल्ट दूर करता येतात त्याला ऑफिसमधून कोणी जाऊ देत नाही.

जजमेंट शोधताना नुसती हेडनोट (निकालाच्या वरचा सारांश) वाचून ते कोर्टात दाखला म्हणून देऊ नका. ई-एससीआरवर सुप्रीम कोर्टाचे निकाल फुकट आहेत, आपल्या हायकोर्टाच्या निकालांवर न्यूट्रल सायटेशन (कोर्टानंच दिलेला निकालाचा क्रमांक) असतं आणि त्यात इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर यांचे वेगळे कोड असतात, इंदूरचा आयएनडी. आख्खा निकाल उघडा, तो नंतर उलटला नाही ना ते बघा, आणि ज्या पॅरावर भिस्त आहे त्याला पेन्सिलीनं खूण. एआयला विचारून सायटेशन घेत असाल तर तो निकाल खरोखर आहे का हे सरकारी साइटवर बघितल्याशिवाय सिनियरच्या टेबलवर ठेवू नका.

कोर्टात पहिल्यांदा तोंड उघडाल ते बहुतेक तारीख मागायला किंवा पासओव्हर (केस त्याच दिवशी थोड्या वेळानं घ्या) मागायला. तेवढंही नीट करता येतं. आपण कोणाकडून, सिनियर नेमके कुठे आहेत, आणि किती वेळ किंवा कुठली तारीख पाहिजे, बस. 'सर येत आहेत' एवढंच बोलून गप्प उभं राहिलं की जजसाहेबांनाही राग येतो आणि तो बरोबर असतो. पण तारीख मागायला गेलात तरी फाइल वाचून जा, कारण कधीकधी समोरून येतं, तुम्हीच सांगा काय मॅटर आहे. तेव्हा दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, कोण कोणाविरुद्ध, कशासाठी, आज कशावर थांबलंय. पान नंबर सांगता आला तर सोन्याहून पिवळं. उत्तर माहीत नसेल तर फाइल बघून सांगतो म्हणायचं, अंदाज नाही ठोकायचा.

मध्ये रिकामा वेळ मिळाला की कॅन्टीनमध्ये पोहे-जिलबीवर तासभर घालवायच्या ऐवजी (पोहे खा, मी कुठे नाही म्हणतोय) एखाद्या कोर्टात मागे बसून जुन्या वकिलांचं क्रॉस ऐका. ते काय विचारतात यापेक्षा काय विचारत नाहीत आणि कुठे थांबतात ते बघा. उत्तर हवं तसं मिळाल्यावर आणखी एक प्रश्न विचारून ते बिघडवणारे वकील रोज दिसतात. मुंशीजी, रीडर, नकल शाखेतले बाबू यांना नावानं ओळखा, नीट बोला. मुंशीजींना वीस-पंचवीस वर्षांचं काम माहीत असतं, कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर, हे गूगलला माहीत नाही.

संध्याकाळी सिनियरला रिपोर्ट द्यायचा, त्यांनी विचारायच्या आधी. मेसेज छोटा, पण वाईट बातमी सगळ्यात वर. अर्ज खारिज झाला, साक्षीदार फुटला, कॉस्ट लागली, हे चौथ्या ओळीत लपवायचं नाही. सिनियर चिडतील, चिडू द्या, पण क्लायंटकडून त्यांना आधी कळलं तर ते जास्त महागात पडतं.

आता नातेवाईक. इंदूरच्या मराठी घरांना वकील नवीन नाहीत, वि. स. कोकजे इथेच वकिली करून हायकोर्टाचे न्यायाधीश आणि पुढे हिमाचलचे राज्यपाल झाले, त्यामुळे सुदामानगर असो की रामबाग, सनद मिळाली की गणपतीच्या आरतीला कोणीतरी काका बाजूला घेऊन जुन्या वाड्याची वाटणी काढणारच. तोंडी सल्ला देऊ नका. 'काका, कागद घेऊन ऑफिसला या, सरांना दाखवू', एवढंच. नामांतरणाचं (सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलायचं) असेल तर ते तहसीलमध्ये जातं आणि नामांतरण झालं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, हे मात्र लगेच सांगून टाका, अर्ध्या घरांत भांडण याच गैरसमजावर असतं. होळकरांच्या काळातले मोडीतले कागद निघाले तर लॅमिनेशन करू नका म्हणावं, मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागेल. फीचं काय ते सिनियर ठरवतील, तुम्ही नात्यात अडकू नका.

दोन-अडीच वर्षांनी ऑफिस बदलावंसं वाटलं तर त्यात काही चूक नाही. महिनाभर आधी सांगा, तुमच्या नावावरच्या सगळ्या केसेसची यादी करा, पुढची तारीख, काय बाकी आहे, मूळ कागद कुठे आहेत, आणि ती यादी सिनियरला आणि मुंशीजींना दोघांना द्या. क्लायंटचे नंबर घेऊन त्यांना फोन करत बसू नका. नवीन ऑफिसला पहिल्याच दिवशी तिथली केस लिस्ट मागून बघा, जिथे समोरच्या पार्टीच्या वकालतनाम्यावर तुमची जुनी सही आहे त्या केसेस लिहून द्या आणि त्या फायलींना हात लावू नका, त्या केसमध्ये तुम्हाला या बाजूनं उभं राहता येत नाही.